चौथा भोंगा

मुंबई मंडळाची सभा सुरू झाली तेव्हा भेंडेवाडीच्या डोक्यावरचा डोंगर तासाला दोन मिलिमीटर सरकत होता, आणि अध्यक्ष मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करत होते.

समिधा भुवड ओटीवर बसून हे दोन्ही एकाच फोनवर बघत होती. वरच्या अर्ध्या पडद्यावर डोंगराचा आकडा, खालच्या अर्ध्यावर मुंबईकरांचे चौकोन. कोणी ऑफिसातून बोलत होतं, कोणी दिवा स्टेशनजवळच्या खोलीतून, एक भाऊजी तर तोंडाला साबण लावून सलूनच्या खुर्चीत बसले होते. बाहेर पावसाने नुसता उच्छाद मांडला होता.

"विषय क्रमांक दोन. देवळाच्या सभामंडपाची फरशी," अध्यक्ष गंगाराम शिगवण म्हणाले. त्यांना सगळेच अण्णा म्हणत.

"अण्णा, आधी डोंगराचं घ्या ना," समिधा म्हणाली.

"सूनबाई, डोंगर ऐनवेळच्या विषयांत आहे. तो शेवटी येईल. आपली पद्धत आहे."

ज्याने कोकणातली वाडी पाहिलेली नाही, त्याला हा प्रकार वेड्यांच्या इस्पितळातला वाटेल. पण भेंडेवाडीत पिढ्यानपिढ्या असंच चालत आलं होतं. कर्ते पुरुष मुंबईत, म्हातारी माणसं आणि बायका गावात, आणि गावचा कारभार मुंबई मंडळाकडे. मंडळाने देऊळ बांधलं, नळ आणला, बांधावरची भांडणं मिटवली. खोटं कशाला बोला, बरंच चांगलं केलं. पण त्याचा परिणाम असा झाला की मंडळाला विचारल्याशिवाय वाडीत नारळसुद्धा फुटेना. आणि आता डोंगर कोसळायचा तरी त्याने विषयपत्रिकेत नंबर लावायला हवा होता.

या डोंगराला वाचा फुटली ती इंटरनेटच्या तारेमुळे. वाडीत इंटरनेट आणताना काचेची बारीक तार डोंगराच्या उतारावरून जमिनीत पुरत नेली होती. मग दोन वर्षांपूर्वी डॉ. परेरा नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञ बाई आल्या आणि त्यांनी तारेच्या एका टोकाला लेझरचं खोकं बसवलं. देवळात सगळ्यांना बसवून त्यांनी समजावून सांगितलं होतं. तारेत प्रकाश सोडला की वाटेत प्रत्येक ठिकाणाहून त्यातला कणभर प्रकाश मागे परततो. तार कुठे केसाच्या हजाराव्या भागाएवढी जरी ताणली गेली, तरी त्या जागेवरून परतणारा प्रकाश बदलतो. म्हणजे मातीत पाणी किती मुरलं, कुठला थर कुठल्या थरावरून घसरतोय, हे सगळं तार सांगते. वेगळं यंत्र पुरायला नको, जागोजागी माणसं बसवायला नकोत.

"आणि पडणार कधी, ते कसं कळणार?" समिधाने विचारलं होतं.

परेरा बाईंनी फळ्यावर रेघ काढली. डोंगर एकदम पडत नाही, आधी वेग घेतो. दर तासाचा वेग मोजायचा, आणि एकाला त्या वेगाने भागायचं. वेग वाढत जातो तसा हा भागाकार लहान होत जातो, त्याची एक उतरती रेघ तयार होते. ती रेघ पुढे वाढवली की जिथे शून्याला टेकेल, ती डोंगर सुटण्याची वेळ. मात्र मध्येच पाऊस उघडला, मातीतलं पाणी निघून गेलं, तर रेघ पुन्हा वर उचलते. डोंगर थांबतो.

"म्हंजे यंत्र कदी कदी चुकनार," सोनूतात्या मांडवकर म्हणाले. ते वाडीचे गावकार, देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा.

"चुकणार नाही, तात्या. डोंगर खरोखरच निघालेला असतो. नंतर थांबतो."

"निगतो आनि थांबतो. म्हंजे डोंगर पन सरकारी हाय."

सगळं देऊळ हसलं होतं. परेरा बाईसुद्धा हसल्या. बारावी शिकलेली आणि जागेवर असणारी सून म्हणून समिधाला 'डोंगरसखी' नेमलं. सरकारला सख्यांची हौस फार. पशुसखी झाली, बँकसखी झाली, आता ही. तिच्या फोनवर डोंगराचा आकडा आला आणि देवळाच्या शिखराशेजारी एक भोंगा बसला. भोंगा वाजला की तालुक्याहून गाड्या सुटायच्या आणि वाडीने रस्त्यापलीकडच्या शाळेत जायचं.

या पावसाळ्यात तो तीनदा वाजला होता. तिन्ही वेळा रेघ शून्याकडे धावली, वाडी गुरावासरांसकट शाळेत गेली, आणि तिन्ही वेळा पाऊस उघडून डोंगर थांबला. पहिल्यांदा लोकांनी देवाचे आभार मानले. दुसऱ्यांदा कुरकुर केली. तिसऱ्यांदा नेमका गोरिवल्यांकडे हळदीचा दिवस होता. अंगाला हळद लागलेली नवरी शाळेच्या बाकावर बसून रडली, आणि तेव्हापासून गोरिवल्यांच्या बायका समिधाला पाहिलं की पदर झटकून निघून जायच्या.

डोंगर पडला नाही म्हणजे यंत्र खोटं बोललं, असं नसतं, हे सांगून सांगून समिधाचं तोंड दुखलं. लोकांना हो की नाही एवढंच हवं होतं. डोंगर मात्र कधीच तसं बोलत नव्हता.

त्यात सरकारने नियम काढला. एका पावसाळ्यात चारदा हलवावी लागली, तर ती वस्ती कायमची उठवायची. घरं राहण्यास अयोग्य, क्षेत्र निर्मनुष्य. हा नियम ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याला बिचाऱ्याला लोकांचं भलंच करायचं असेल. पण त्याने भोंग्याचा अर्थच बदलून टाकला. आता चौथा भोंगा म्हणजे गाव गेलं. देऊळ, शेतं, पेन्शनीच्या पैशातून बांधलेली स्लॅबची घरं, सगळंच.

मंडळाने ताबडतोब ठराव केला. यापुढे भोंगा वाजवायला दोन अंगठे लागतील. एक डोंगरसखीचा, दुसरा मुंबईला मंडळाच्या सेक्रेटरीचा. आणि मंडळाचा सेक्रेटरी होता नरेश भुवड, समिधाचा नवरा.

आज सकाळी आकडा चढायला लागला तेव्हा तिने आधी भोंग्याविनाच जमतं का ते पाहिलं. भोंगा नाही तर मोजणीही नाही. गुपचूप शाळेत जाऊन बसावं, संध्याकाळी परत यावं. ती डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन दारोदार फिरली.

"भोंगा वाजला काय?" सोनूतात्यांनी विचारलं.

"नाही तात्या, पण..."

"मग? धोका असता तर वाजला असता."

"वाजवता येत नाही म्हणून तर आले ना मी. तुम्हाला माहीत आहे सगळं."

"मंडलाचा निरोप येऊ दे. मी एकटा कसा उटू? मी उटलो का वाडी उटली. उद्या म्हनतील, तात्यानी गाव घालवलं."

दुसऱ्या घरीही तेच, तिसऱ्या घरीही तेच. गोरिवल्यांनी तर दारच लावून घेतलं. घरी आली तर सासूबाई, सुनंदाबाई, चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होत्या.

"आई, तुम्ही तरी चला."

"सगली उटली का मी उटंन. एकटीच जाऊन बसू, आनि लोकांनी म्हनावं, सेक्रेटरीची आय पयली पलाली?"

समिधाच्या अंगाची लाही लाही झाली. मग तिने तातडीची सभा मागितली, आणि सभेत फरशी आली.

फरशी कोटा घ्यावी की ग्रॅनाइट यावर दोन गट पडलेले असताना तिच्या फोनवर वेगळा कॉल आला. नरेशचा. सभेतल्या चौकोनात तो मान खाली घालून बसलेला दिसत होता.

"ऐक," तो हळू आवाजात म्हणाला. "रेघ कुठवर आलीय?"

"अशीच उतरत राहिली तर दुपारी चारच्या सुमाराला शून्य. तुम्ही अंगठा द्या ना. सभा कशाला हवी?"

"मी एकट्याने दिला तर मला फाडून खातील. चौथा आहे हा, समिधा. वाडी संपेल. बाबांनी ते घर बांधताना काय काय केलं, तुला माहिती आहे."

"माणसं संपली तर घर कोणाला?"

"तू एक कर. आईला घेऊन तुझ्या माहेरी जा. पाय मुरगळलाय, डॉक्टरकडे नेते, असं काहीतरी सांग. आत्ताच निघ. कुणाला बोलू नकोस."

समिधाला आधी समजलंच नाही. मग समजलं. इतके दिवस तिला वाटत होतं, याला पटत नाही. त्याला पूर्ण पटलेलं होतं. त्याचा रेघेवर तिच्याइतकाच विश्वास होता. फक्त तो विश्वास त्याने स्वतःच्या आईपुरता ठेवला होता.

"अहो, हे तुम्ही बोलताय?"

"मग काय करू? मला सगळीकडूनच मरण आहे."

तिने कॉल बंद केला. नरेश वाईट माणूस नव्हता, हे तिला त्या क्षणीही कळत होतं. सुट्टीला आला की सगळ्या वाडीच्या म्हाताऱ्यांची औषधं घेऊन यायचा. पुढे ती जे बोलली त्याचा राग तो जन्मभर धरील, हेही तिला कळत होतं. तरी ती बोलली.

"अण्णा, फरशी बाजूला ठेवा. सेक्रेटरींनी आत्ता मला फोन करून सांगितलंय, त्यांच्या आईला वाडीतून बाहेर काढ म्हणून. गुपचूप. बाकीच्यांना सांगू नको म्हणाले."

सलूनमधल्या भाऊजींनी न्हाव्याचा हात धरला. कुणाच्या तरी घरचा कुकर शिट्टी देत होता, तेवढाच आवाज.

"नरेश," अण्णा म्हणाले, "हे खरं आहे?"

नरेशने मान वर केली नाही.

मग जे झालं ते कुठल्याही पद्धतीत बसणारं नव्हतं. सगळे एकदम बोलायला लागले. त्याची आई आई आणि आमची कोण? माझी म्हातारी एकटी आहे वाडीत. माझी मुलं आहेत. अरे, याला पटलं होतं तर आम्हाला का सांगितलं नाही? नरेशला अशा शिव्या पडल्या की समिधाने आवाज बंद केला. नुसत्या हलणाऱ्या तोंडांच्या मध्ये नरेशचा एक चौकोन स्थिर होता. त्याने फोन जवळ घेतला आणि अंगठा टेकवला. मग तिनेही टेकवला.

देवळावरून चौथा भोंगा वाजला.

वाडी मुकाट उतरली. सोनूतात्या सर्वांत पुढे, कारण आता निरोप आला होता. जाताना बायकांनी दारांना कुलपं लावली, उंबऱ्यावर डोकं टेकलं, आणि समिधाशी कोणी अक्षर बोललं नाही. शाळेच्या खिडकीत उभी राहून ती आकडा बघत होती. तीन वाजता तो पाचवर होता. साडेतीनला पाऊस मंदावला. पाचला पश्चिमेकडे ऊन पडलं. रेघ शून्याच्या अगदी जवळ जाऊन वाकली आणि वर निघाली. डोंगर जागच्या जागी होता, धुऊन निघालेला, हिरवागार.

"बगा," गोरिवल्यांची म्हातारी म्हणाली, "केवडा शोभतोय."

भेंडेवाडी पडली नाही, पण नियम मात्र लागू झाला. दिवाळीनंतर लोकांना नदीपलीकडे माळावर पत्र्याच्या चाळीत आणून ठेवलं. पक्की घरं मिळायची होती, ती मिळायचीच राहिली. गुरांना जागा नाही, चूल मांडायला परसू नाही, दुपारी पत्रा असा तापायचा की म्हातारी माणसं मोरीत जाऊन बसायची. मंडळाने नरेशला सेक्रेटरीपदावरून काढलं. तो आईला रोज फोन करायचा. आई फोन समिधाकडे द्यायला लागली की त्याला काम निघायचं. समिधा नळावर गेली की बायकांचं बोलणं थांबायचं.

तिने माणसं वाचवली, असं म्हणायलासुद्धा जागा नव्हती. कशापासून वाचवली? डोंगर तर उभा होता. नदीपलीकडून रोज दिसायचा. पायथ्याशी कुलपं लावलेली घरं दिसायची, एकाचंही कौल हललेलं नाही.

तार मात्र अजून बोलत होती. परेरा बाईंच्या अभ्यासासाठी ती चालू ठेवली होती आणि समिधाच्या फोनवरचा आकडा कोणी बंद केला नव्हता. ती सकाळी उठली की आधी तो बघायची. शून्य असला की तिचा दिवस खराब जायचा. आपण नेमकी कशाची वाट बघतोय, हे तिने बरेच महिने स्वतःलाही सांगितलं नाही. मग एकदा नळावरून भरलेली कळशी घेऊन परतताना तिने डोंगराकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "पड ना एकदाचा." ती दचकली, पण तिला वाईट वाटलं नाही. त्याचीच तिला भीती वाटली.

पुढच्या आषाढात पाऊस पुन्हा तसाच लागला. एका सकाळी तिने फोन पाहिला तर आकडा अडीच. घटकाभराने तीन. रेघ खाली निघालेली. समिधाचं मन आनंदाने भरून आलं. आता कळेल सगळ्यांना. अण्णांना, गोरिवल्यांना, नरेशला. ती हाक मारतच पडदा सारून आत गेली.

"आई, ऐकलंत का? डोंगर..."

सुनंदाबाई आत नव्हत्या. शेजारच्या खोलीतही कोणी नव्हतं, पलीकडेही नाही. सबंध चाळीत लहान मुलं आणि अंथरुणाला खिळलेले एक आजोबा.

"कुठे गेल्या सगळ्या?"

"लावणीला," आजोबा म्हणाले. "वर. पाटंच गेल्या. तुला सांगू नको म्हनाली तुजी सासू. शेत काय सरकार लावनार?"

शेतं डोंगराच्या पायथ्यालाच होती. तिने तालुक्याच्या कार्यालयात फोन लावला.

"भोंगा वाजवा. भेंडेवाडीचा."

"मॅडम, तो भोंगा काढून नेलाय," पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला. "ते क्षेत्र निर्मनुष्य आहे."

"माणसं आहेत तिथे. आत्ता."

"आमच्याकडे तशी नोंद नाही. नियमाने तिथे कोणी असूच शकत नाही."

तिने फोन तोडला. सासूला लावला, उचलला नाही. तिचा फोन कोण उचलणार? तिचं नाव पाहिलं की त्यांना कळणारच होतं ती काय बोलणार ते. मग तिने वर्षभर न लावलेला नंबर लावला.

"आई वर आहेत," नरेशने उचलताच ती म्हणाली. "सगळ्याच वर आहेत, लावणीला. आकडा साडेतीनवर आहे. भोंगा नाही. माझा फोन कोणी घेत नाही."

तिला वाटलं, आता म्हणेल, मी कोण सांगणारा?

"ठेव," तो म्हणाला.

त्या दिवशी मंडळाची सभा झाली नाही. विषयपत्रिका निघाली नाही, अध्यक्षांची परवानगीही कोणी घेतली नाही. नरेशने प्रत्येकाला एकेक करून फोन केला, ज्यांनी त्याला शिव्या घातल्या त्यांनासुद्धा, आणि प्रत्येकाने आपापल्या आईला, बायकोला, वहिनीला. अण्णांनी म्हणे आपल्या भावजयीला इतकं झापलं की ती हातातला रोपांचा आवा तिथेच टाकून निघाली. बांधाबांधावर प्लास्टिकच्या पिशव्यांतले फोन वाजायला लागले. भोंग्याला न जुमानणाऱ्या बायका मुंबईहून आलेला लेकाचा फोन मात्र चिखलाच्या हाताने उचलत होत्या.

समिधा रिक्षा करून पुलापर्यंत गेली. पुढे रिक्षावाला जाईना. पुलाच्या कठड्याला धरून ती भिजत उभी राहिली. डोंगराच्या अंगावरून ढग उतरत होते आणि खाली पायवाटेवर एकामागे एक ठिपके दिसायला लागले होते. ती ते मोजत नव्हती. ती फक्त डोंगराला विनवत होती, "नको रे बाबा. पडू नको. थांब." वर्षभर त्याच्याकडे जे मागितलं होतं ते सगळं ती परत घेत होती.

सुनंदाबाई सर्वांत शेवटी आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडाने धापा. पुलाच्या कडेला दगडावर बसल्या. बाकीच्याही बसल्या. सगळ्या मिळून डोंगराकडे बघत राहिल्या. दुपार झाली, पाऊस तुटक झाला. समिधाच्या हातातला आकडा चारवरून तीनवर आला, मग दोनवर.

"पडला काय गो?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"म्हंजे परत खोटं."

एरवी समिधाने तिथेच बसून वेग, भागाकार आणि रेघ पहिल्यापासून समजावली असती. तिने डोंगराकडे पाहिलं. तो उभा होता. तिला रडू फुटलं आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

"हो आई. परत खोटं."

सुनंदाबाईंनी पायाचा चिखल दगडाला पुसला. "वाइच लावनी ऱ्हायलीय. शेताची दोन कोपरं. उद्या जावाच लागंल."

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. त्यांना अडवायचं कोणी आणि कशाच्या जोरावर? समिधाने हात टेकले.

"जाऊ. मी पण येते."

"तू क्याला? तुला लावनी कुठं जमतेय?"

"मी बांधावर बसेन. फोन घेऊन."

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"बस मंग," त्या म्हणाल्या. "पन वरडायचं तर जोरात वरड. पावसात आमाला कायपन आयकू येत नाय."